लेकरू थंड पडलं तर सलाईन हळू का? इतकी वर्षं जोरात ढकलली, त्याचं काय?

पोडावरची_सिस्टर
रविवार, रात्री ११.२०

नमस्कार. जरा मोठं लिहिते आहे. पूर्ण वाचून मगच उत्तर द्या, ही विनंती.

मी यवतमाळ जिल्ह्यात, केळापूरच्या बाजूला, एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नोकरीला २१ वर्षं झाली. ३० खाटांचा दवाखाना, बालरोगतज्ज्ञाची जागा बहुतेक रिकामीच, जिल्ह्याचं ठिकाण गाडीनं दीड तासावर. पावसाळ्यात आजूबाजूच्या पोडांवरून (कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून) आणि तांड्यांवरून लेकरं येतात ती उशिराच येतात. ताप दोन-तीन दिवस अंगावर काढलेला असतो, हात-पाय बर्फासारखे, नाडी बोटाला लागत नाही.

या वर्षी नवीन मेडिकल ऑफिसर आले आहेत. पोरसवदा आहेत, पण रात्री बोलावलं की येतात. जुलैत एक दोन वर्षांची मुलगी आली. ताप, पाय थंड, नख दाबून सोडलं तर रंग परत यायला चार सेकंद. मी सवयीनं ५० मिलीची सिरिंज उचलली आणि थ्री-वे (सलाईनच्या नळीची तोटी) जोडायला घेतला. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, ढकलू नका. हळू जाऊ द्या. आधी ऑक्सिजन, साखर तपासा, हिमोग्लोबिन बघा." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मला शिकवलं होतं ते याच्या बरोबर उलटं. थंड पडलेलं लेकरू म्हणजे किलोला २० मिली, जमेल तितक्या लवकर, परत तपासा, परत द्या. मी स्वतः ज्युनिअर मुलींना हेच शिकवलं आहे.

ती मुलगी बरी होऊन घरी गेली. पण मला झोप लागेना, कारण मला २००८ आठवलं.

खांदशेकणीचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी पोळा. पोडावरून एक कोलाम जोडपं चार वर्षांच्या मुलाला घेऊन आलं. बापाच्या हाताला हळद-लोण्याचा वास येत होता. बैलांचे खांदे शेकता शेकता कोणीतरी लेकराला झटका आला म्हणून ओरडलं आणि तो तसाच उठून निघाला. तीन दिवसांचा ताप, डोळे पांढरे, ओठांना रंग नाही, पाय गुडघ्यापर्यंत थंड. आईला मराठी जेमतेम येत होती. काट्यावर ठेवायला वेळ नव्हता, वजन अंदाजानं १३ किलो धरलं. २६० मिली नॉर्मल सलाईन मी पंधरा मिनिटांत हातानं ढकललं. पाय गरम झाले. मी त्या माउलीचा हात धरून लेकराच्या पावलावर ठेवला आणि म्हटलं, "पाय माय, गरम झाले." ती पहिल्यांदा हसली. मग फोनवर विचारून अजून एक बोलस, म्हणजे तसंच एकदम ढकललेलं सलाईन, दिला. दीड तासानं श्वास वाढला, नाडी परत हरवली. रेफर केलं. जिल्ह्याच्या वाटेवर गाडीतच गेलं.

त्या वेळी नियम तोच होता, हे मला माहीत आहे. कोणी मला दोष दिला नाही. आईबापांनीही नाही, आणि ते तर जास्तच लागतं.

आता माझे प्रश्न. हा नियम कोणी बदलला, कशावरून बदलला? ज्या लेकरांवर अभ्यास झाला ती आमच्या लेकरांसारखी होती का, की कुठल्या मोठ्या देशातल्या, सगळी मशिनं असलेल्या दवाखान्यातली? मी माझ्या डोळ्यांनी पाय गरम होताना पाहिले, ते खोटं होतं का? आणि उद्या एखादं लेकरू जुलाबानं सुकून आलं तर त्यालाही थेंब-थेंबच द्यायचं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात तातडीचा आहे. आमच्या ज्युनिअर मुली आता सगळ्यांनाच हळू द्यायला लागल्या आहेत आणि मला त्याची भीती वाटते.

---

बालरोग_वर्धा
सोमवार, सकाळी ६.५०

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यात आजच जीव जाऊ शकतो.

जुलाबानं सुकलेल्या लेकराला हळू द्यायचं नाही. डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरली तर जागेवर जात नाही, लेकरू सुस्त आहे, पिऊ शकत नाही, तर जुनाच नियम: किलोला एकूण १०० मिली रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाईन). वर्षाखालच्या बाळाला पहिले ३० मिली एका तासात, उरलेले ७० पाच तासांत. वर्षावरच्याला पहिले ३० अर्ध्या तासात, उरलेले ७० अडीच तासांत. प्यायला लागलं की ओआरएस सोबत. या लेकराच्या अंगातलं पाणी खरोखर बाहेर गेलेलं आहे, ते भरून काढायचं आहे. तुमच्या मुलींना हे आजच सांगा. फार कुपोषित लेकरू, डेंग्यूचा शॉक (रक्ताभिसरण कोसळणं) आणि खूप रक्त गेलेलं लेकरू, या तिघांचे नियम आणखी वेगळे आहेत. त्यांना या चर्चेत मिसळू नका.

आता तापानं थंड पडलेलं लेकरू.

तुम्हाला शिकवलेला नियम श्रीमंत देशांतल्या आयसीयूंमधून आला होता. तिथे पाणी दिल्यावर श्वास बिघडला तर व्हेंटिलेटर तयार असतो, बीपी पडलं तर औषधाचा पंप तयार असतो. तो नियम जगभर गेला. पण जिथे व्हेंटिलेटर नाही तिथे तो चालतो का, हे कित्येक वर्षं कोणी नीट मोजून पाहिलंच नव्हतं.

ते मोजलं केनिया, युगांडा आणि टांझानियामधल्या डॉक्टरांनी. या अभ्यासाचं नाव फीस्ट, निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. दवाखाने तुमच्यासारखेच: आयसीयू नाही, व्हेंटिलेटर नाही, पावसाळ्यात मलेरियाची रांग. ताप आणि रक्ताभिसरण मंदावल्याची लक्षणं असलेली ३१४१ मुलं. निम्म्याहून जास्त मुलांना मलेरिया होता, पुष्कळांचं हिमोग्लोबिन फार कमी. तुम्ही विचारलंत ना, आमच्यासारखी होती का? पुष्कळ अंशी होती. जुलाबाची आणि अति कुपोषित मुलं त्यात घेतलीच नव्हती, हे मुद्दाम सांगतो. एका गटाला सलाईनचा बोलस, दुसऱ्याला अल्ब्युमिनचा (रक्तातल्या प्रथिनाच्या द्रावणाचा), तिसऱ्याला बोलस नाही, फक्त रोजच्या गरजेपुरतं पाणी. बाकी ऑक्सिजन, अँटिबायोटिक, मलेरियाचं औषध, साखर, रक्त, सगळ्यांना सारखं.

करणाऱ्यांना वाटत होतं की बोलसनं जीव वाचतील. ४८ तासांत बोलस न दिलेल्या गटात १०० पैकी ७.३ मुलं गेली, सलाईनच्या गटात १०.५, अल्ब्युमिनच्या गटात १०.६. देखरेख समितीनं अभ्यास मध्येच थांबवला.

आणि आता तुमचे ते गरम झालेले पाय. ताई, तुमचे डोळे खोटं बोलत नव्हते. याच अभ्यासात पहिल्या तासाला शॉकची लक्षणं बोलसच्या मुलांमध्येच जास्त सुधारली होती: बोलस मिळालेल्यांत १०० पैकी ४३ जणांची, न मिळालेल्यांत ३२ जणांची. म्हणजे हात-पाय गरम होत होते, आई हसत होती, सिस्टरला हायसं वाटत होतं, आणि तरीही दोन दिवसांनी मोजलं तर त्याच गटात जास्त लेकरं गेलेली होती. पुढे २०१३ मध्ये त्याच टीमनं एकेका मृत्यूची छाननी केली. जास्तीचे मृत्यू फुप्फुसात पाणी होण्यापेक्षा रक्ताभिसरण कोसळल्यानं झालेले निघाले. तुम्ही लिहिलंय, "नाडी परत हरवली." मी ते वाक्य दोनदा वाचलं.

त्या एका लेकराचं काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. हळू दिलं असतं तरी ते गेलं असतं, असंही होऊ शकतं. त्याचे ओठ पांढरे होते म्हणजे रक्त फार कमी असणार, झटके होते म्हणजे मेंदूपर्यंत आजार गेलेला असणार. फरक १०० मध्ये तीनचा आहे. तुमच्या वॉर्डात वर्षाला अशी वीस लेकरं येत असतील तर ती जास्तीची तीन व्हायला पाच वर्षं लागतील, आणि तेव्हाही ती तीन कोणती हे तुम्हाला, मला, कोणालाच बोट दाखवून सांगता येणार नाही. खाटेजवळ उभं राहून १०० मधले तीन दिसत नाहीत. त्यासाठी तीन हजार लेकरं मोजावी लागली. मीही २०११ पर्यंत ढकलतच होतो. अगदी मनापासून, घाम गाळून.

आजचे नियम असे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं: हात-पाय थंड, नखाचा रंग यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त, आणि नाडी क्षीण नि वेगवान, ही तिन्ही लक्षणं असतील तरच शॉक म्हणायचं, आणि मग किलोला १० ते २० मिली, ३० ते ६० मिनिटांत. नुसते पाय थंड म्हणजे शॉक नाही. २०२० च्या आंतरराष्ट्रीय सेप्सिस (अंगभर भिनलेला जंतुसंसर्ग) मार्गदर्शनात आयसीयू असलेल्या आणि नसलेल्या दवाखान्यांसाठी वेगळं लिहिलं आहे. आयसीयू नसेल आणि बीपी टिकून असेल तर बोलस देऊच नका. बीपी पडलं असेल तर थोडं थोडं द्या, प्रत्येक टप्प्यानंतर तपासा, पहिल्या तासात किलोला ४० मिलीच्या वर जाऊ नका. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर पाण्यानं उरलेलं रक्त आणखी पातळ होतं, त्या लेकराला रक्त लागतं. आपल्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्त कमी करणारा आनुवंशिक आजार, आहे, हे कायम डोक्यात असू द्या.

तुमचे नवीन डॉक्टर बरोबर आहेत. त्यांना जपा.

---

आशाताई_कोरची
सोमवार, दुपारी २.१५

सिस्टर, मी गडचिरोली जिल्ह्यातली. आशा आहे. माझी माय आमच्या गावची आरोग्यदूत होती, 'सर्च' या संस्थेच्या कामात. म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे लहानपणी बाळंतपण घरीच होत. बाळ रडलं नाही तर दाई पाठीवर थापट्या मारे, कांदा हुंगवे, आणि मग "देवाची मर्जी" म्हणत. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत बायकांना शिकवलं: बाळाचं वजन, ऊब, जंतुसंसर्ग ओळखणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला मास्क लावून हवा देणं. दुसरी ४७ गावं तुलनेसाठी मोजली. माय सातवी शिकलेली. बाहुलीवर मास्क बसवायचा सराव करताना मी पाहिलं आहे. चुलीजवळ बसून, ओठ मिटून, मनात आकडे मोजत. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. हे १९९९ मध्ये परदेशात छापून आलं. त्यातूनच पुढे आमच्या कामात बाळाला भेट द्यायला घरी जाणं आलं, जे आज देशभरातल्या आशा करतात.

त्याच्या आधी निमोनियाचा अभ्यास झाला होता. आकडे न येणाऱ्या दाईंनाही श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन केलं होतं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळूच्या घड्याळातलं मिनिट संपेपर्यंत.

मला एवढंच सांगायचं आहे की मोजणं आपल्या मातीतही झालेलं आहे, आणि ते मोजणारे हात मायसारख्यांचे होते. माय अजून सांगते की एखादं बाळ गेलं तरी त्याची नोंद करावीच लागे. पहिल्या वेळी तिचा हात थरथरला होता. "लिवलं नाई तं थे लेकरू आलंच नोतं असं होते," असं ती म्हणे.

---

मास्तर_दारव्हा
सोमवार, सायंकाळी ७.४०

डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर वाचलं, समजलं. पण एका बापाची बाजू मांडतो.

काही वर्षांपूर्वी माझी मुलगी एका मोठ्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात होती. दवाखान्याचं नाव घेत नाही. रात्री एक वाजता एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आला. कसल्याशा अभ्यासासाठी सही पाहिजे होती. कागद इंग्रजीत. मी शिक्षक आहे, मला थोडंफार वाचता येतं, तरी त्या वेळी डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती. मी विचारलं, नाही केली तर? तो म्हणाला, तुमची मर्जी. ते "तुमची मर्जी" असं काही म्हणाला की मला वाटलं आता मुलीकडे कोणी बघणार नाही. मी सही केली. मुलगी बरी झाली, आज नववीत आहे. पण ती सही मला आजही डाचते.

तुम्ही म्हणता एका गटाला हे, दुसऱ्याला ते. म्हणजे माझ्या लेकराची चिठ्ठी टाकायची? कोणाच्या लेकरावर शिकायचं हे कोण ठरवतं? गरिबाच्याच ना?

---

शेततळं_राखणदार
सोमवार, रात्री ९.०५

विषय थोडा वेगळा आहे, पण जीव वाचवायचाच आहे म्हणून विचारतो. आमच्या वाशिम भागात शेततळी खूप झाली. प्लास्टिकचा कागद शेवाळानं निसरडा होतो, पोरगं उतरलं की वर येता येत नाही. गेल्या वर्षी आम्ही एकाला काढलं तर लोकांनी त्याला उलटं धरून गरगर फिरवलं. मी मोबाईलवर बघितलं होतं की छाती दाबायची. मी दाबली, पण तोंडानं श्वास दिला नाही, कारण त्यात सांगितलं होतं की आता त्याची गरज नाही. पोरगं गेलं. मी चुकलो का?

---

बालरोग_वर्धा
मंगळवार, सकाळी ६.३०

आधी शेततळ्याचं. भाऊ, तुम्ही जे पाहिलंत ते मोठ्या माणसाला अचानक हार्ट अटॅक येऊन कोसळल्यावरचं असणार. त्याच्या रक्तात ऑक्सिजन उरलेला असतो, म्हणून नुसतं दाबूनही काही मिनिटं भागतं. बुडालेल्या लेकराचा आधी श्वास बंद होतो, हृदय त्यानंतर थांबतं. त्याच्या रक्तात ऑक्सिजनच नसतो, तेव्हा नुसतं दाबून तेच रिकामं रक्त फिरतं. जपानमध्ये हेही मोजलेलं आहे. दवाखान्याबाहेर हृदय थांबलेल्या ५१७० मुलांचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. ज्या मुलांचं हृदय श्वास अडकणं, बुडणं अशा हृदयाबाहेरच्या कारणांनी थांबलं होतं, त्यांच्यापैकी श्वास आणि छाती दोन्ही मिळालेली १०० पैकी ७.२ मुलं मेंदू शाबूत राहून वाचली, नुसती छाती दाबलेली १.६.

म्हणून: उलटं धरायचं नाही, फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही. त्यात मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी श्वासनळीत जातं. कडक जमिनीवर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडावर तोंड ठेवून आधी श्वास द्या, छाती उचलली जाते का बघा. मग छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोल दाबा. एकटे असाल तर ३० दाब, २ श्वास. दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन लावू द्या. तुम्ही त्याला बाहेर काढलंत, इतर उलटं फिरवत असताना हात लावलात. तुम्हाला जे ठाऊक होतं ते केलंत. आता त्याहून जास्त ठाऊक झालं आहे. गावातल्या चार पोरांना शिकवा, आणि तळ्यात गाठी मारलेला दोर कायमचा सोडून ठेवा.

मास्तर, तुमच्या बाबतीत जे झालं ते चूक झालं. रात्री एकला इंग्रजी कागद पुढे करणं ही संमती घेणं नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. कागद तुम्हाला समजेल त्या भाषेत हवा, नाही म्हटल्यानं उपचारात फरक पडता कामा नये, हो म्हटल्यावरही केव्हाही बाहेर पडता आलं पाहिजे, आणि अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळाली पाहिजे. सात वर्षांवरच्या मुलाला स्वतःलाही विचारायचं असतं. औषधांच्या चाचण्यांची सरकारी नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे आणि ती यादी कोणालाही बघता येते. पुढे कोणी कागद आणला तर नोंदणी क्रमांक आणि नैतिकता समितीचा फोन नंबर मागा. तो तुमचा हक्क आहे.

आणीबाणीत मात्र खरी अडचण आहे. लेकराला झटके येत असताना बापाला अर्धा तास बसवून समजावता येत नाही. फीस्टमध्ये अशा वेळी आधी थोडक्यात तोंडी विचारत, आणि लेकरू सावरल्यावर पूर्ण समजावून लेखी संमती घेत. तेव्हाही कोणालाही नाही म्हणता येई. यावर वाद आहेत आणि ते असायलाच हवेत.

पण चिठ्ठीबद्दल माझं मत ठाम आहे. दोन उपचारांपैकी बरा कोणता हे खरोखर माहीत नसेल तेव्हाच चिठ्ठी टाकता येते. माहीत असेल तर चिठ्ठी टाकणं हा गुन्हा आहे. आणि माहीत नसताना प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या सवयीनं उपचार करणं, हीसुद्धा चिठ्ठीच आहे, फक्त तिची नोंद कोणी ठेवत नाही. आम्ही ढकलत होतो ती काय होती?

गरिबाच्याच लेकरावर का, हा प्रश्न उलट्या बाजूनंही बघा. जन्मताना गुदमरलेल्या बाळाला तीन दिवस थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत चालतो, तिथे तो सिद्ध झाला आहे. आपल्याकडेही तो सुरू झाला होता. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर चाचणी झाली, २०२१ मध्ये छापून आली. थंड ठेवलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं गेली, न ठेवलेल्यांपैकी ३१ टक्के. आपल्या बाळांना त्या चाचणीत घेतलं नसतं तर आपण आजही त्यांना तिकडच्या भरवशावर थंड करत राहिलो असतो. आपली लेकरं अभ्यासाबाहेर राहिली म्हणून सुरक्षित राहत नाहीत, मास्तर.

---

एसएनसीयू_सिस्टर
मंगळवार, दुपारी ४.००

एक भर घालते. आम्ही बुडबुड्यांचं सीपॅप (नाकातून सतत दाबानं हवा देणारं साधन) वापरतो, श्वास लागलेल्या बाळांना. ढाक्याच्या डॉक्टरांनी ते शाम्पूच्या बाटलीत पाणी भरून केलं होतं. तीव्र निमोनियाच्या मुलांमध्ये साध्या ऑक्सिजनवर १५ टक्के मृत्यू, या बाटलीवर ४ टक्के (२०१५). ते वाचून सगळीकडे उत्साह आला. मग मलावीच्या एका जिल्हा रुग्णालयात, जिथे रोज डॉक्टर जवळ नव्हता, तेच करून पाहिलं (२०१९). तिथे सीपॅपवर १७ टक्के गेली, साध्या ऑक्सिजनवर ११ टक्के.

ढाक्यात खाटेजवळ शिकलेला डॉक्टर नि सिस्टर होते. हे आम्ही वरच्या साहेबांना छापून दाखवलं, कारण ते मशिनं पाठवत होते आणि माणसं काढून घेत होते. रात्रपाळीला एक सिस्टर वाढवून मिळाली.

---

पोडावरची_सिस्टर
बुधवार, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. डॉक्टरसाहेब, तुमचं उत्तर मी सोमवारी ड्युटीवर जाताना बसमध्ये वाचलं. उतरायचा थांबा पुढे गेला.

पाय गरम झाले होते, हाच माझा इतक्या वर्षांचा आधार होता. मी मनात म्हणत असे, मी दिलं ते लागू पडलं होतं, नंतर आजारानं नेलं. ४३ आणि ३२ हे आकडे वाचल्यावर तो आधार गेला. पण विचित्र आहे, छाती हलकीही झाली. आफ्रिकेतल्या त्या दवाखान्यांत माझ्यासारख्याच सिस्टर असतील, त्यांनीही आयांचे हात पावलांवर ठेवले असतील. आणि त्यांनी ते लिहून ठेवलं, म्हणून जुलैतल्या त्या मुलीला मी ढकललं नाही. आशाताई, तुमच्या मायचं वाक्य मी ज्युनिअर मुलींना सांगितलं.

मास्तर, तुमचं वाचून मला माझीच लाज वाटली. आम्हीही रेफरच्या कागदावर अंगठा घेताना कधी कोलामीत सांगायला कोणाला बोलावत नाही. आमच्या सफाईच्या बाईंना कोलामी येते. त्यांना विचारलं, त्या हो म्हणाल्या.

काल डॉक्टरांबरोबर बसून भिंतीवर दोन वेगळे तक्ते लावले. जुलाबाचा लाल शाईत, तापाचा निळ्या. कपाटात बुरेट सेट पडून होते, ते बाहेर काढले. त्यात एकदा मोजून भरलं की त्याच्या वर चुकूनही जात नाही. साध्या सेटसाठी थेंब मोजून दिले: २० थेंबांचा एक मिली, तर १२ किलोच्या लेकराला किलोला १० मिली एका तासात द्यायचं म्हणजे मिनिटाला ४० थेंब. मुलींनी घड्याळ हातात धरून सराव केला. ५० मिलीची सिरिंज ड्रॉवरच्या तळाशी ठेवली. फेकली नाही, जुलाबाच्या लेकराला शीर मिळायला उशीर झाला तर लागेल.

एक वहीही घातली आहे. थंड पडलेलं प्रत्येक लेकरू: आल्याची वेळ, वजन, नाडी, नखाचे सेकंद, हिमोग्लोबिन, काय दिलं, किती वेळात, दोन दिवसांनी कसं आहे. रेफर केलं तर फोन करून विचारायचं. पहिल्या पानावर जुलैतली मुलगी लिहिली. त्याच्या वर एक ओळ २००८ ची लिहिली. वजनाच्या रकान्यात "अंदाजे १३" लिहिलं आणि थांबले.

आज सकाळी लहान मुलांचा वजनकाटा तपासला. पाच किलोची साखरेची पिशवी ठेवली तर सहा दाखवतो. कधीपासून दाखवत असेल, कोणास ठाऊक. दुरुस्तीला पाठवला आहे. तोवर अंगणवाडीतून त्यांचा काटा मागून आणला आहे, तो बरोबर आहे.